सही आपली, आकडा कुणाचा?



आज थोडं भांडायचं आहे. तुमच्याशी नाही, आपल्या घराघरांतल्या एका सवयीशी. घर विकायला काढलं की बैठकीत पहिला प्रश्न येतो, "किती सांगायचे?" घराची किंमत किती, असं कुणी विचारत नाही. किती सांगायचे! म्हणजे खरा आकडा एक आणि तोंडाने बोलायचा दुसरा, हे आधीच ठरलेलं. मग थोरले दीर म्हणतात, "ऐंशी सांगा, लोक पाडून मागतातच." जावई म्हणतात, "पलीकडच्या बिल्डिंगमधला नव्वदला गेला." मुलगा मोबाइलवर जाहिराती दाखवतो. एजंट मान डोलावतो. आणि जिचं नाव कागदावर आहे ती बाई आत चहा गाळत असते.

माझं म्हणणं सरळ आहे. घरासाठी मागायची किंमत हा हिशोब आहे. तो झालेल्या व्यवहारांच्या नोंदींवरून, घरी बसून, कागद-पेन्सिल घेऊन करता येतो. आणि तो आपण बायकांनी करायला हवा, कारण चुकीच्या आकड्याची झळ सगळ्यात आधी आपल्याला लागते.

आपण काही कमी हिशोबी नाही. सोनं घेताना आपण हॉलमार्क बघतो, त्या दिवसाचा ग्रॅमचा भाव विचारतो, मजुरीवर घासाघीस करतो. तूरडाळ भरताना दोन दुकानं फिरतो. मग आयुष्यातला सगळ्यात मोठा व्यवहार करतानाच "त्यातलं मला काय कळतं" असं का म्हणतो?

आता एकेक ठरलेलं वाक्य घेऊ आणि तपासू.

"थोडे वाढवून सांगू, मग कमी करता येतात."

पूर्वी हे चालत असेल. ओळखीतून गिऱ्हाईक यायचं, ओट्यावर बसून बोलणं व्हायचं. आता घेणारा आधी मोबाइलवर शोधतो. त्यात तो आपली मर्यादा टाकतो, साठ ते सत्तर लाख. तुम्ही पंच्याहत्तर लावले असतील तर तुमचं घर त्याला दिसतच नाही. मग घासाघीस करायला येणार कोण? ज्याला दिसतं तो पंच्याहत्तरवाला असतो, आणि त्याला त्याच पैशात लिफ्ट आणि पार्किंग असलेली नवी इमारत मिळत असते.

त्याहून मोठी गोष्ट बँकेची आहे. बहुतेक लोक कर्ज काढून घर घेतात. बँक तुमच्या तोंडच्या आकड्यावर कर्ज देत नाही. ती आपला मूल्यांकन करणारा माणूस पाठवते, आणि करारातली किंमत व त्याने काढलेली किंमत यांतली जी कमी असेल ती धरते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्ज ३० ते ७५ लाखांच्या दरम्यान असेल तर त्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के मिळतं. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च त्यात धरत नाहीत.

समजा, घराचं मूल्यांकन ६४ लाख आलं आणि तुम्ही ६४ च मागितले. बँक ५१ लाख २० हजार देईल. घेणाऱ्याने खिशातून १२ लाख ८० हजार घालायचे. पुण्यात पुरुषाच्या नावे घेतलं तर उपकर धरून मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख ४८ हजार. नोंदणीचे ३० हजार. एकूण १७ लाख ५८ हजार त्याच्याकडे रोकडे हवेत.

आता त्याच घराचे ७५ मागा. बँक ५१ लाख २० हजारांच्या वर जाणार नाही. खिशातले झाले २३ लाख ८०. मुद्रांक शुल्क ५ लाख २५. नोंदणीचे ३० हजार. एकूण २९ लाख ३५ हजार. तुम्ही मागणी ११ लाखांनी वाढवलीत आणि त्याच्या खिशावर पावणेबारा लाखांचा बोजा वाढला. नोकरी करणारं जोडपं तिथूनच "कळवतो" म्हणून निघून जातं. ते परत कळवत नाही, आणि आपण म्हणतो, "आजकालच्या लोकांची ऐपतच नाही."

"आम्ही फर्निचरला बारा लाख घातलेत."

मैत्रिणींनो, जुना दागिना मोडायला नेलात तर सराफ मजुरी परत देतो का? घट धरतो, वजन करतो आणि त्या दिवसाच्या भावाने पैसे देतो. तो हार तुमच्या लग्नातला आहे, नक्षी राजकोटच्या कारागिराची आहे, हे तो कौतुकाने ऐकतो, पण त्याचे पैसे देत नाही. घराच्या आतलं फर्निचर म्हणजे मजुरी. तुमच्या आवडीची लाल मरून सनमायका दुसऱ्याला उतरवून टाकायची असते. आणि जुनी इमारत म्हणजे घट. जमिनीचा भाव वाढतो, विटा-सिमेंटचा उतरत जातो.

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी आम्हाला शिकवलं होतं, की वर्षअखेर दुकानात शिल्लक राहिलेला माल खरेदीच्या किमतीने किंवा बाजारभावाने, यांतलं जे कमी असेल त्याने धरायचा. आपल्या घरातले पुरुष पेढीवर हा नियम बरोबर पाळतात. जुन्या फॅशनचा माल दिवाळीनंतर निम्म्या किमतीत काढून मोकळे होतात आणि म्हणतात, "पैसा फिरला पाहिजे." तेच पुरुष घराच्या बाबतीत "आमचे एवढे गेलेत, तेवढे आलेच पाहिजेत" म्हणून अडून बसतात. गेलेला पैसा गेला. घेणाऱ्याला त्याचं देणंघेणं नाही.

"पलीकडचा नव्वदला गेला."

कुणी सांगितलं? विकणाऱ्याने सांगितलं असेल तर त्याने वाढवून सांगितलं असणार. जाहिरातीत वाचलं असेल तर ती मागणी आहे, व्यवहार नव्हे. आपल्यात म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. पण फ्लॅटच्या बाबतीत ही मूठ सरकारने केव्हाच उघडली आहे. महाराष्ट्रात दस्त नोंदला गेला की त्याची सूची क्रमांक दोन तयार होते. सगळे तिला इंडेक्स टू म्हणतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये वर्ष, जिल्हा, गाव आणि मिळकतीचा नंबर टाकला की ती बघायला मिळते. त्यात मोबदला म्हणजे ठरलेली किंमत, सरकारी बाजारभाव, क्षेत्रफळ आणि तारीख, सगळं मराठीत छापलेलं असतं. ती वेडीवाकडी अक्षरं भरताना दोन-चारदा चुकतं, पण नातवाला शेजारी बसवलं तर अर्ध्या तासाचं काम आहे.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. पहिली, क्षेत्रफळ. जुन्या करारांत बिल्टअप लिहिलेलं असतं, एजंट सुपर बिल्टअप बोलतो, आणि नव्या प्रकल्पांत रेरा कायद्यामुळे कार्पेट सांगावं लागतं. पलीकडचा "नऊशे फुटांचा" आणि तुमचा "सातशे फुटांचा" फ्लॅट आतून सारखेच असू शकतात. सगळं कार्पेटवर आणा, मगच तुलना करा. नोंदीत चौरस मीटर असेल तर १०.७६ ने गुणा, चौरस फूट येतात. दुसरी, रेडी रेकनर. तो मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी सरकारने ठरवलेला दर आहे. बाजार त्याच्या वर असू शकतो, काही ठिकाणी खालीही. नुसत्या त्या दरावर किंमत ठरवू नका.

उदाहरणच करू. तुमचं घर ६५ चौरस मीटर कार्पेट, म्हणजे साधारण ७०० चौरस फूट. आजूबाजूच्या तितक्याच जुन्या इमारतींचे गेल्या वर्षातले तीन दस्त सापडले, समजा ८,५००, ८,९०० आणि ९,२०० रुपये फुटाने. म्हणजे तुमचं घर साडेएकोणसाठ लाख ते चौसष्ट लाख चाळीस हजारांच्या मध्ये कुठेतरी बसतं. उजेड चांगला आहे, पार्किंग आहे, तर वरच्या टोकाला. तिसरा मजला, लिफ्ट नाही, भिंतीला ओल आहे, तर खालच्या. ओल रंगाखाली लपवू नका. पहिल्याच पावसात ती वर येते, आणि घेणाऱ्याचे शिव्याशाप घेऊन आपण नव्या घरात कलश मांडायचा का?

मग बोलण्यासाठी दोन-तीन टक्के वर ठेवा. घेणाऱ्यालाही थोडं कमी केल्याचं समाधान हवं असतं, त्याला माझी ना नाही. पण दोन-तीन टक्के म्हणजे दोन-तीन टक्के. वीस नव्हेत.

"रीडेव्हलपमेंट होणार आहे."

आमच्या बिबवेवाडी-मार्केट यार्ड भागातल्या जुन्या सोसायट्यांत हे वाक्य रोज ऐकू येतं. माझा प्रश्न एवढाच, की काय झालंय? सर्वसाधारण सभेचा ठराव झाला, की विकासकाशी करार नोंदवला गेला, की नुसती गच्चीवर मीटिंग झाली? नोंदवलेला करार असेल तर त्याचे पैसे मिळतील. जमिनीचं अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झालेलं असेल तर त्याचंही वजन पडतं. पण नुसत्या चर्चेचे दहा लाख मागणं म्हणजे पी हळद नि हो गोरी. शिवाय एवढी खात्री असेल तर तुम्ही का विकताय? घेणारा मनात हेच विचारतो.

"मंदिर पाच मिनिटांवर आहे. आपल्यातल्यालाच देऊ."

हे जरा नाजूक आहे, तरी बोलते. मंदिर किंवा स्थानक चालत जाण्याच्या अंतरावर असणं आपल्यासाठी फार मोलाचं आहे. चातुर्मासात महाराज साहेबांचं रोजचं प्रवचन, गोचरीचा लाभ, पर्युषणातलं प्रतिक्रमण, हे सगळं त्या पाच मिनिटांवर अवलंबून असतं. पण बँकेच्या मूल्यांकनाच्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही. त्याचे जास्त पैसे फक्त आपल्यातलाच माणूस देईल, आणि तोही आपल्याइतकाच हिशोबी असतो! शंभर घेणाऱ्यांतून पाचच निवडायचे ठरवलेत, तर त्या पाचांकडून शंभरांतला सगळ्यात वरचा भाव मिळेल ही अपेक्षा सोडा. माणूस निवडायचा की भाव, ते आधी ठरवा.

"थांबू की. घाई काय आहे?"

या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण थांबण्याची किंमत म्हणणारा भरत नाही. आमच्या मंडळातल्या एक काकू तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. लिफ्ट नाही, दोन्ही गुडघे गेलेले. खालच्या गल्लीतच लिफ्टच्या इमारतीत त्यांच्यासाठी घर बघून ठेवलं होतं. जुनं विकलं की तिकडे जायचं. घरातल्यांनी असा आकडा लावला की कुणी फिरकेना. आलेली दोन गिऱ्हाइकं "पाडून मागतात" म्हणून परत पाठवली. दोन वर्षं काकू त्या तिसऱ्या मजल्यावरून दवाखान्याशिवाय उतरल्या नाहीत. दोन पर्युषणं त्यांनी खिडकीत बसून काढली. शेवटी घर विकलं गेलं ते पहिल्या गिऱ्हाइकाने सांगितलेल्या भावाच्या आसपासच. तोवर लिफ्टच्या इमारतीतलं ते घर दुसऱ्या कुणी घेतलं होतं. त्या दोन वर्षांचा जमाखर्च कोणत्या वहीत लिहायचा?

आणि नुसता पैशाचा हिशोब हवा असेल तर तोही घ्या. घर रिकामं पडलंय, ६४ लाखांचं आहे. ते पैसे बँकेत ७ टक्क्यांनी असते तर वर्षाला ४ लाख ४८ हजार आले असते. सोसायटीचा मेंटेनन्स महिना ३ हजार धरला तर वर्षाचे ३६ हजार. म्हणजे एक वर्ष थांबून तुम्हाला ६८ लाख ८४ हजार मिळाले, तर तुम्ही जागच्या जागी आहात. त्याच्या वर मिळालं तरच कमाई. कुणी म्हणेल, भाव वाढतीलच की. वाढतील. पण तुम्ही जे दुसरं घर घेणार आहात त्याचे काय कमी होणार आहेत?

एजंटवर सगळं सोपवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. घर आपल्याकडे यावं म्हणून काही एजंट आधी तुम्हाला चढवतात, "नव्वद आणून देतो." तीन महिन्यांनी तेच उतरवायला लागतात. समजा त्याची दलाली २ टक्के आहे. तुम्हाला तीन लाख जास्त मिळवून देण्यासाठी त्याने चार महिने चपला झिजवल्या तर त्याच्या हाती सहा हजार येतात. तो तुमच्या तीन लाखांसाठी भांडणार नाही. त्याच्याकडून गिऱ्हाईक घ्या, कागदपत्रांची मदत घ्या, पण आकडा त्याच्या हाती देऊ नका.

आता उलट बाजू. जास्त मागणं चूक, तसं भिऊन कमी घेणंही चूकच. नवऱ्यामागे एकटी राहिलेली बाई घर विकते तेव्हा बहुधा पहिलं गिऱ्हाईक नात्यातलंच असतं. "घरातल्या घरात राहील, काकी. चाळीसला देऊन टाका, कुठे बाहेरच्यांच्या मागे लागता?" तिने इंडेक्स टू बघितलेली असेल तर ती शांतपणे म्हणू शकते, "बाळा, याच इमारतीतले तीन दस्त माझ्याकडे आहेत. एकसष्टला देते, बाहेरच्याला चौसष्टला देणार होते." प्रेमापोटी तीन लाख सोडणं हे दान आहे. माहीत नसल्याने चोवीस लाख सोडणं म्हणजे लुबाडणूक, मग समोरचा कितीही पाया पडो. शिवाय दस्तातली किंमत सरकारी मूल्यापेक्षा खाली गेली आणि सरकारी मूल्य तुमच्या किमतीच्या वर १० टक्क्यांहून जास्त निघालं, तर आयकर खातं ते सरकारी मूल्यच विक्रीची किंमत धरून कर लावतं. म्हणजे न मिळालेल्या पैशावर कर!

आणि आता तो विषय, जो आपण दार लावून बोलतो. "कागदावर पन्नास दाखवू, वरचे रोख." इंडेक्स टू खोटी असते, असंही लोक यावरूनच म्हणतात. काही दस्तांत ते खरं असेल. म्हणून तर एका दस्तावर जाऊ नका, तीन-चार बघा, फारच खाली असलेला किंवा घरातल्या घरात झालेला बाजूला काढा. बँकेचं कर्ज काढून घेतलेल्या घरांचे दस्त जास्त भरवशाचे.

पण तुम्ही स्वतः रोख घेऊ नका. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्या हातावर, म्हणजे विकणाऱ्यावर असतो. कागदावर नाव तुमचं असेल तर नोटीस तुमच्या नावाने येते, दिरांच्या नाही. कायदा बाजूला ठेवला तरी आपल्याला काय शिकवलं आहे? अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोटं माप येतं, तसा राज्याच्या नियमाविरुद्ध केलेला व्यवहारही येतो. जमिकंद सोडलेल्या घरात हे चालतं, याचं मला नवल वाटतं.

कुणी म्हणेल, ताई, आपण व्यापारी लोक, भाव करणं आपल्या रक्तात आहे. बरोबर आहे. पण ज्यांची पेढी तीन पिढ्या टिकली, त्यांच्या दुकानात बघा. भाव एकच असतो, आणि लहान पोर आलं तरी तोच सांगतात. दोन भाव सांगणाऱ्याच्या दुकानात गिऱ्हाईक घासाघीस करतं, एका भावाच्या दुकानात विश्वासाने जातं. घराच्या बाबतीतही तुम्ही दस्त दाखवून "असा असा हिशोब केला, म्हणून एवढे" असं म्हणालात, की समोरच्याची निम्मी घासाघीस तिथेच संपते. त्याला पाडून मागायचं असेल तर त्यालाही दस्त दाखवावा लागतो.

शेवटचं सांगते. महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. त्यामुळे आपल्या घरांत अचानक सगळ्यांना सुनेची, बायकोची आठवण झाली. घरं आपल्या नावे झाली, फार चांगलं झालं. पण ती उद्या विकली जातील तेव्हा दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात कॅमेऱ्यासमोर आपल्यालाच बसायचं आहे. अंगठा आपला, फोटो आपला, सही आपली. मग त्या कागदावरचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा दुसऱ्या कुणी बैठकीत बसून का ठरवावा?

घर विकायचं असो वा नसो, या आठवड्यात एक काम करा. कपाटातून आपल्या घराचा करार काढा, कार्पेट किती ते बघा, आजूबाजूचे तीन दस्त शोधा आणि गुणाकार करा. तो आकडा स्वतःच्या अक्षरात लिहून करारासोबत ठेवा. पुढच्या वेळी बैठकीत "किती सांगायचे" असा प्रश्न निघाला, की चहाचा ट्रे खाली ठेवा, खुर्ची ओढून बसा आणि तो कागद पुढे करा.